हिऱ्याने हुलकावणी दिलेला रसायनतपस्वी

प्रयोगशाळेत हिरा घडवल्याचा दावा करणाऱ्या आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आज एका रत्नाला लाभले आहे. ते रत्न मात्र हिरा नव्हे. हिऱ्याचा सर्वांत जवळचा तोतया म्हणून बाजारात ओळखल्या जाणाऱ्या मॉइसनाइटची आणि त्याच्या नामदात्याची ही कहाणी.

पैलू पाडलेला हिरा आणि तेवढाच मॉइसनाइटचा खडा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले, तर सामान्य ग्राहकाला त्यांत फरक करता येणे कठीण जाते. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ, दोन्ही लखलखीत, दोन्ही काचेवर सहज ओरखडा काढणारे. किमतीत मात्र मोठी तफावत असते. या दुसऱ्या रत्नाच्या नावात एका माणसाचे आडनाव दडलेले आहे. फ्रेंच उच्चार म्वासाँ. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे येताना त्याचे मॉइसन झाले आणि रत्न झाले मॉइसनाइट. ज्या माणसाने हिरा घडवण्यासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली, त्याचे नाव हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण हिरा नसलेल्या खड्याला मिळावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग आहे.

आंरी म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पूर्व रेल्वे कंपनीत साधे कर्मचारी होते आणि आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. १८६४ मध्ये हे कुटुंब पॅरिसच्या पूर्वेकडील मो या गावी राहावयास गेले. तेथील शाळेत आंरी यांना गणित आणि विज्ञानाची गोडी लागली. परंतु विद्यापीठाचे दार उघडणारे प्रमाणपत्र पदरात पडले नाही. घरची ओढग्रस्त पाहता हातात काहीतरी कसब असणे आवश्यक होते. काही काळ त्यांनी घड्याळजीकडे उमेदवारी केली. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले आणि कुटुंब पुन्हा पॅरिसला परतले. युद्धानंतर हा तरुण एका औषधविक्रेत्याच्या दुकानात शिकाऊ म्हणून उभा राहिला.

या दुकानातच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाल्याचे सांगितले जाते. आर्सेनिक पोटात गेलेला एक रुग्ण तेथे आला असता म्वासाँ यांनी उतारा देऊन त्याचे प्राण वाचवले. रसायनांत मारण्याचे आणि तारण्याचेही सामर्थ्य आहे, याचा हा प्रत्यक्ष धडा होता. त्यांनी रसायनशास्त्रच शिकायचे ठरवले. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात एदमों फ्रेमी यांच्या प्रयोगशाळेत आणि पुढे पिएर पोल देएरँ यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. देएरँ यांनीच त्यांना विद्यापीठीय शिक्षण पुरे करण्याचा आग्रह धरला. एकदा अपयश आल्यानंतर १८७४ मध्ये ते प्रवेशपात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले. १८७९ मध्ये प्रथम श्रेणीचे औषधनिर्माते झाले आणि १८८० मध्ये लोखंडाच्या वर्गातील धातूंच्या ऑक्साइडांवरील प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८८२ मध्ये मो येथील औषधविक्रेते ल्युगाँ यांची कन्या लेओनी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांच्या पाठबळामुळे चरितार्थाची विवंचना कमी झाली आणि संशोधनाला मोकळीक मिळाली.

त्या काळात रसायनशास्त्रज्ञांना एका मूलद्रव्याने पुरते जेरीस आणले होते. ते होते फ्लोरीन. त्याचे अस्तित्व सर्वांना मान्य होते. पण संयुगातून ते वेगळे काढणे कोणालाच साधत नव्हते. मोकळे झाले, की भेटेल त्या पदार्थाशी ते तत्काळ संयोग पावे. त्याच्या शोधात वापराव्या लागणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाने अनेकांना इजा केली. हंफ्री डेव्ही यांची प्रकृती त्यामुळे ढासळली. बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निकलेस यांना तर प्राणांस मुकावे लागले. खुद्द म्वासाँ यांचे गुरू फ्रेमी यांनाही यश आले नव्हते. शुद्ध, निर्जल हायड्रोफ्लोरिक आम्लातून विद्युतप्रवाह वाहत नाही, ही मुख्य अडचण होती.

म्वासाँ यांनी त्या आम्लात पोटॅशियम फ्लोराइडचे संयुग मिसळून ते विद्युतवाहक केले. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची प्लॅटिनमची नळी, प्लॅटिनम-इरिडियमचे विद्युतअग्र आणि नळीची तोंडे बंद करण्यासाठी फ्लोरस्पार या खनिजाची बुचे, असे उपकरण त्यांनी रचले आणि ते शून्याखालील तापमानात थंड ठेवले. २६ जून १८८६ रोजी धन अग्रापाशी एक वायू निघाला आणि त्यात धरलेले सिलिकॉन पेटून उठले. फ्लोरीन हाती लागले होते. विज्ञान अकादमीने खातरजमा करण्यासाठी फ्रेमी, बर्तलो आणि दब्रे या तीन ज्येष्ठांची समिती पाठवली. समितीसमोर मात्र उपकरण मूक राहिले. म्वासाँ यांनी कारण शोधले, तेव्हा ध्यानात आले, की पाहुण्यांसाठी आम्ल वाजवीपेक्षा अधिक शुद्ध केले गेले होते. त्यात पोटॅशियमचा अंशच उरला नव्हता. चूक दुरुस्त झाली आणि समितीचे समाधान झाले. पुढे इतरांच्या प्रयोगशाळांतूनही हाच प्रयोग यशस्वी होत गेला.

फ्लोरीननंतर म्वासाँ यांचे लक्ष कार्बनकडे वळले. कोळसा, ग्राफाइट आणि हिरा ही तिन्ही एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत, हे तोवर सिद्ध झाले होते. मग स्वस्त कोळशाचा हिरा का करता येऊ नये? त्यासाठी प्रचंड उष्णता हवी होती. १८९२ मध्ये म्वासाँ यांनी विद्युत भट्टी तयार केली. चुनखडीपासून बनवलेल्या चुन्याचे दोन ठोकळे, त्यांत कोरलेली पोकळी आणि दोन बाजूंनी आत शिरणाऱ्या कार्बनच्या कांड्या, इतकी तिची रचना साधी होती. कांड्यांमध्ये उठणाऱ्या विद्युतज्योतीने सुमारे साडेतीन हजार अंश सेल्सियसपर्यंत तापमान गाठता येई. या भट्टीतून त्यांनी अनेक धातू शुद्ध स्वरूपात मिळवले आणि कार्बाइड, बोराइड, सिलिसाइड अशी नवनवी संयुगे जगासमोर आणली. ज्याच्यापासून निघणाऱ्या वायूवर एके काळी दिवे जळत आणि आंबे पिकवण्यासाठी होणाऱ्या ज्याच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे, ते कॅल्शियम कार्बाइडही या भट्टीत तयार झालेल्या संयुगांपैकी एक होते.

हिरा घडवण्याची दिशा त्यांना आकाशातून पडलेल्या लोखंडाने दाखवली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात कॅन्यन डायब्लो येथे एक विस्तीर्ण विवर आहे. आपल्या लोणारप्रमाणेच तेही अशनीच्या आघाताने निर्माण झालेले. तेथे सापडलेल्या लोहयुक्त अशनीच्या तुकड्यांत सूक्ष्म हिरे असल्याचे १८९१ मध्ये अमेरिकी अभ्यासकांच्या निदर्शनास आले होते. लोखंडात विरघळलेला कार्बन दाबाखाली थिजला, की त्याचे हिरे होतात, असा निष्कर्ष म्वासाँ यांनी काढला. साखर जाळून मिळवलेला शुद्ध कोळसा त्यांनी भट्टीत वितळलेल्या लोखंडात विरघळवला आणि ती रसरसलेली मूस एकदम थंड पाण्यात बुडवली. बाहेरचे कवच आधी घट्ट होईल आणि आतील रस थिजताना फुगू पाहील, तेव्हा गाभ्यात जबरदस्त दाब निर्माण होईल, अशी त्यांची अटकळ होती. थंड झालेला लोखंडाचा गोळा आम्लांत विरघळवल्यावर तळाशी काही काळे आणि काही पारदर्शक कण उरले. ते माणकावर ओरखडा काढीत होते आणि प्राणवायूत जाळले असता त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघत होता. फेब्रुवारी १८९३ मध्ये म्वासाँ यांनी अकादमीसमोर कृत्रिम हिऱ्यांची घोषणा केली आणि हे वृत्त जगभर पसरले. त्या कणांपैकी सर्वांत मोठाही एक मिलिमीटरचा नव्हता, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्याच सुमारास म्वासाँ कॅन्यन डायब्लोच्या अशनीचेही नमुने तपासत होते. त्यांतील काही लखलखीत, अतिकठीण स्फटिक त्यांना प्रथम हिरेच वाटले. परंतु १९०४ मध्ये त्यांनी अशनीचा मोठा तुकडा आम्लांत विरघळवून अवशेषांची पुन्हा कसून तपासणी केली, तेव्हा हिरवट रंगाचे षट्कोनी स्फटिक वेगळे निघाले. त्यांत कार्बनच्या जोडीला सिलिकॉन होते. हे सिलिकॉन कार्बाइड होते. हे संयुग माणसाला अपरिचित नव्हते. अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये, कृत्रिम हिऱ्याच्याच खटपटीत असताना, ते अपघाताने तयार केले होते आणि कार्बोरंडम या नावाने ते धार लावण्यासाठी विकलेही जाऊ लागले होते. निसर्गात मात्र ते प्रथमच आढळत होते. न्यूयॉर्कचे प्रख्यात रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुन्झ यांनी १९०५ मध्ये या खनिजाला म्वासाँ यांचे नाव दिले.

१९०६ मध्ये म्वासाँ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्सला या विषयातले हे पहिलेच नोबेल होते. त्या वर्षी रसायनशास्त्राच्या समितीने मूलद्रव्यांची आवर्तसारणी रचणाऱ्या रशियाच्या मेंडेलेयेव्ह यांची शिफारस केली होती; परंतु रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीने अखेरचा कौल म्वासाँ यांच्या बाजूने दिला. पारितोषिकाच्या सन्मानपत्रात फ्लोरीनचा आणि विद्युत भट्टीचा उल्लेख होता. हिऱ्याचा नव्हता. स्टॉकहोमहून परतल्यावर काही आठवड्यांतच म्वासाँ यांना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार झाला आणि २० फेब्रुवारी १९०७ रोजी वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या २ तारखेला मेंडेलेयेव्ह यांनीही जगाचा निरोप घेतला होता. म्वासाँ यांचा एकुलता एक मुलगा लुई १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच कामी आला.

म्वासाँ यांच्या पश्चात त्यांच्या हिऱ्यांची परीक्षा सुरूच राहिली. वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स यांनी अनेक वर्षे आणि बराच पैसा खर्चून हे प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिले. आरंभी त्यांनाही यश आल्यासारखे वाटले. परंतु आपल्यासह कोणालाही प्रयोगशाळेत हिरा मिळालेला नाही, या निष्कर्षाला ते आयुष्याच्या उत्तरार्धात आले. जे कण हिरे म्हणून पुढे आले, ते दुसऱ्याच कठीण खनिजांचे असावेत, असे मानले जाऊ लागले. त्याच त्या प्रयोगाला कंटाळलेल्या एका साहाय्यकाने गुपचूप खऱ्या हिऱ्याचे कण मुशीत टाकले, अशीही एक वदंता आहे. तिला भक्कम पुरावा नाही. पण म्वासाँ यांच्या सचोटीविषयी जाणकारांनी सहसा शंका घेतली नाही, एवढे खरे.

हिरा हुलकावणी देत राहिला, त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. स्वीडनच्या आसिया कंपनीने १९५३ मध्ये आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील ट्रेसी हॉल यांनी डिसेंबर १९५४ मध्ये खरोखरीचा कृत्रिम हिरा तयार केला. त्यासाठी वातावरणाच्या पन्नास हजार पटींहून अधिक दाब टिकवून धरावा लागला. थिजणाऱ्या लोखंडाच्या गोळ्यात असा दाब निर्माण होणे शक्यच नव्हते. मात्र वितळलेल्या लोखंडासारख्या धातूत कार्बन विरघळवून त्याचा हिरा करायचा, ही म्वासाँ यांची कल्पना चुकीची नव्हती. उच्च दाबाने हिरे करण्याच्या पद्धतीत आजही लोह, निकेल आणि कोबाल्ट हेच धातू वापरले जातात.

म्वासाँ यांच्या नावाच्या खनिजालाही सुखाने नांदता आले नाही. अशनीतील ते स्फटिक म्हणजे कापण्यासाठी वापरलेल्या कार्बोरंडमच्या हत्याराचे कण असावेत, असा संशय अनेक वर्षे घेतला गेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पृथ्वीवरील खडकांतही हे खनिज सापडले, तेव्हा त्याची बाजू भक्कम झाली. तरीही निसर्गात त्याचे कण इतके बारीक आणि विरळा, की दागिन्यात जडवण्याचा प्रश्नच नव्हता. दागिन्यात दिसते ते सर्व मॉइसनाइट कारखान्यातले. सिलिकॉन कार्बाइडचे मोठे, स्वच्छ स्फटिक वाढवण्याचे तंत्र इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने विकसित केले आणि १९९८ च्या सुमारास एका अमेरिकी कंपनीने त्यांचे पैलूदार खडे रत्न म्हणून बाजारात आणले.

या खड्यांनी हिरेबाजाराची झोप उडवली. त्याआधी हिऱ्याची नक्कल म्हणून क्युबिक झिर्कोनियाचा, म्हणजे ज्याला आपल्याकडे अमेरिकन डायमंड म्हणतात त्या खड्याचा सुळसुळाट होता. तो ओळखणे सोपे होते. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो, झिर्कोनिया नेत नाही. त्यामुळे उष्णतावहन मोजणारी छोटी लेखणी खड्याला टेकवली, की निवाडा होत असे. सिलिकॉन कार्बाइडही उत्तम उष्णतावाहक आहे. साहजिकच या यंत्रांनी मॉइसनाइटलाही हिरा ठरवले. एकाच गुणधर्मावर विसंबलेली कसोटी फसली होती.

मग इतर गुणधर्मांकडे वळावे लागले. कठिणपणाच्या मोस श्रेणीत हिरा १० वर, तर मॉइसनाइट सुमारे ९.२५ वर येतो. माणिक आणि नीलम ९ वर असल्याने दोघेही त्यांच्यावर ओरखडा काढतात. म्हणजे माणकावरील ओरखडा, जो म्वासाँ यांना हिऱ्याचा पुरावा वाटला होता, तो या दोहोंत निवड करू शकत नाही. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२, तर मॉइसनाइटचे सुमारे ३.२२. सारख्या आकारमानाचा मॉइसनाइट त्यामुळे आठ-नऊ टक्क्यांनी हलका भरतो. ३.३२ घनतेच्या मिथिलीन आयोडाइड या द्रवात सुटे खडे टाकले, तर हिरा तळाला जातो आणि मॉइसनाइट तरंगतो.

प्रकाशाच्या बाबतीत तर नक्कल अस्सलाच्याही पुढे जाते. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ आहे, मॉइसनाइटचा २.६५ ते २.६९. पांढऱ्या प्रकाशाचे रंगांत विभाजन करण्याची क्षमता, म्हणजे अपस्करण, हिऱ्यात ०.०४४ आणि मॉइसनाइटमध्ये ०.१०४ इतके, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. खड्यातून उसळणाऱ्या इंद्रधनुषी रंगछटा वाजवीपेक्षा जास्त भडक दिसू लागल्या, की जाणकाराची नजर सावध होते.

निर्णायक भेद मात्र स्फटिकाच्या घडणीत आहे. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार कार्बन अणूंशी घट्ट बांधलेला असतो आणि ही रचना घनाकृती असल्याने प्रकाश सर्व दिशांना सारख्याच वेगाने जातो. रत्न म्हणून वापरल्या जाणाऱ्या मॉइसनाइटची घडण षट्कोनी असते. त्यात शिरलेल्या प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात. म्हणून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून खड्यात तिरपे पाहिले, तर मॉइसनाइटच्या मागील बाजूच्या पैलूंच्या कडा जोडीने, दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच राहतात. सरळ वरून पाहिल्यास मात्र ही दुहेरी रेघ लपू शकते, कारण खडा कापणारे कारागीर त्याची दिशा तशी साधतात. बहुतेक मॉइसनाइट थोडीफार वीज वाहू देतात, तर क्वचित आढळणारे काही निळे हिरे वगळता हिरा वीज वाहू देत नाही. त्यावरून नवी विद्युतयंत्रे निघाली. पण वीज फारच कमी वाहू देणारे मॉइसनाइटही बाजारात असल्याने केवळ याही कसोटीवर भिस्त ठेवता येत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची गोष्ट निराळी. तो गुणधर्मांनी खराखुरा हिराच असतो आणि खाणीतल्या हिऱ्यापासून त्याला वेगळे काढण्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच गाठावी लागते.

आपल्या नावाने विकला गेल्यास मॉइसनाइट हे एक देखणे, टिकाऊ आणि परवडणारे रत्न आहे. प्रश्न उद्भवतो तो हिऱ्याच्या किमतीत ते गळ्यात मारले गेल्यावर. साखरपुड्याच्या अंगठीसाठी महिनोन्महिने पैसे साठवणाऱ्या ग्राहकाला भिंग किंवा द्रव जवळ बाळगणे शक्य नसते. खड्याचे नाव स्पष्ट लिहिलेले बिल आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागणे एवढे मात्र त्याच्या हाती असते, आणि तेवढे त्याने केलेच पाहिजे.

म्वासाँ यांच्या कारकिर्दीचा लेखाजोखा मांडताना हाच न्याय लावावा लागतो. फ्लोरीन दुसऱ्यांच्या हातीही तसेच निघाले, म्हणून ते टिकले. भट्टी दुसऱ्यांच्या कारखान्यांतही तशीच तापली, म्हणून ती टिकली. हिरा त्यांच्याच मुशीतून निघाला आणि इतर कोणाच्या मुशीतून निघाला नाही, म्हणून तो गळून पडला. अशनीतल्या स्फटिकांना हिरा मानण्याची घाई त्यांच्याकडून झाली. पण दहा-अकरा वर्षांनी ते पुन्हा तपासायला घेऊन ते दुसरेच काही आहेत, हे जगाला सांगणारेही म्हणजे तेच होते. ज्या रत्नाला त्यांचे नाव मिळाले, ते त्यांना हिऱ्याच्या हव्यासाने दिलेले नाही. त्या फेरतपासणीने दिलेले आहे.